शिकारी कुत्रा : निवड आणि शिकवण



आपल्या धारवाडची जागा मोठी नामी आहे. पश्चिमेकडे तोंड करून चालू लागलो की थोड्याच वेळात मलनाडची झाडी आणि ओली हवा भेटते. पूर्वेकडे नवलगुंदच्या वाटेस लागलो की काळ्या मातीचे सपाट रान क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. झाडी आणि माळ यांच्या या सीमेवर लावा आणि तित्तिर यांना लपावयास गवत व चरावयास शेते, दोन्ही मिळतात. इंग्रजी अंमलात साहेब लोक आणि संस्थानिक खांद्याला बंदूक लावून अशा रानांतून हिंडत, तेव्हा त्यांच्यापुढे पॉइंटर जातीचा कुत्रा धावत असे. ते दिवस गेले. परंतु कुत्रा मात्र गेलेला नाही. हुबळी-धारवाडच्या नव्या वसाहतींतून आज पुन्हा पॉइंटर दिसू लागला आहे, आणि आपल्या शेजारच्या मुधोळचा कुत्रा तर तरुणांच्या विशेष आवडीचा झाला आहे. वर्गातली मुले आणि कधी त्यांचे पालकही मला विचारतात, ‘मास्तर, पिल्लू कोणते घ्यावे? आणि त्याला शिकवावे कसे?’ त्या प्रश्नाचे उत्तर आज मी यथाशक्ति देणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बंदुकीबरोबर नेण्यासाठी कुत्रा हवा, असे कोणाच्या मनात असेल तर त्याने तो विचार सोडून द्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेने शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. पुढे २००२ च्या दुरुस्तीने शिकारीच्या व्याख्येत रानटी जनावराचा पाठलाग करवणे हेही स्पष्ट शब्दांत घातले. म्हणजे हाती बंदूक नसली तरी सशामागे किंवा काळविटामागे कुत्रा सोडणे, एवढ्यानेही गुन्हा होतो. हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरला काळविटांसाठी १९७४ पासून अभयारण्य आहे. तेथील कळपाला माणसाची जितकी भीती, तितकीच मोकाट कुत्र्यांचीही असते. ‘कुत्रा आपणहून धावला, मी काय करू?’ हे उत्तर मालकाच्या तोंडी शोभत नाही. कुत्र्याला दोर लावणे मालकाच्या हाती होते.

मग शिकारच नाही तर शिकारी कुत्र्याचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. याचे कारण असे की कायदा कागदावर लिहिता येतो, रक्तात लिहिता येत नाही. शेकडो वर्षे निवडून निवडून वाढविलेली धावण्याची आणि शोधण्याची ओढ त्या प्राण्याच्या अंगात आहे, आणि ती पुरी झाल्यावाचून त्याला चैन पडत नाही. हे न जाणता लोक रूपावर भाळून पिल्लू आणतात. सहा महिन्यांत ते बागेतील झाडे उकरते, चपला फाडते, कुंपणावरून उड्या मारते. मग त्याला साखळीने बांधतात. बांधलेला कुत्रा रात्रंदिवस भुंकतो. शेजारी तक्रार करतात. आणि शेवटी एखाद्या दिवशी त्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडून देतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडणे, हे दोन्ही अपराध मानले आहेत. हे किती मालकांना ठाऊक असेल? आजच्या विषयात जी खरी हानी होते ती अशी मुक्या जिवाची होते. म्हणून निवडीचा विचार आधी आणि हौस मागून, असा क्रम ठेवावा.

आता या दोन जाती मुळात वेगळ्या कशा, ते पाहू. पॉइंटर हा नाकाचा कुत्रा. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींहून अधिक असतात असे सांगतात. त्यातही पॉइंटर जमिनीला नाक लावून माग काढीत नाही. तो मान उंच ठेवून, वाऱ्यावर येणारा वास घेत, वाऱ्याच्या तोंडावर डावीउजवीकडे आडवा धावत रान पिंजून काढतो. पक्ष्याचा वास लागला रे लागला की तो जागच्या जागी थिजतो. नाक वासाच्या दिशेला, बहुधा पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, आणि अंग दगडात कोरल्यासारखे निश्चल. ‘पॉइंटर’ म्हणजे दाखविणारा, हे नाव त्यामुळेच पडले. झडप घालण्यापूर्वी सारीच कुत्र्याची जात क्षणभर थबकते. माणसाने निवड करकरून तो क्षण लांबविला आणि त्याचे एक कौशल्य बनविले. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, ही आपली म्हण प्रसिद्धच आहे. परंतु पक्ष्यापुढे उभ्या राहिलेल्या पॉइंटरचे शेपूट नळीवाचूनच सरळ असते, हे म्हण रचणाऱ्याने पाहिले नसावे!

मुधोळचा कुत्रा याच्या उलट, डोळ्यांचा. कानडीत त्याला बेटे नायी, म्हणजे शिकारीचा कुत्रा म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्या भाईबंदांना कारवान किंवा कारवानी म्हणतात. लांबट डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, सडपातळ पाय. नराची उंची साधारण सत्तावीस ते एकोणतीस इंच भरते. मध्य आणि पश्चिम आशियातील ताझी, सलुकी अशा वेगवान कुत्र्यांशी त्याचे नाते जोडतात. घटप्रभेच्या काठचे मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी खेड्यापाड्यांतून हे कुत्रे निवडून त्यांची वीण जोपासली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज यास त्यांची जोडी भेट दिली, असे सांगतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर आणि राजपालयम यांच्या पंक्तीस मुधोळही बसला. २०१६ साली सैन्याने मुधोळची पिल्ले मीरतच्या आपल्या शिक्षण केंद्रात नेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या जातीच्या संवर्धनाचे केंद्रही आहे. तेव्हा ज्याला देशी कुत्रा हवा आहे त्याला फार दूर जावयास नको.

निवड करताना पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्यापाशी रोज किती वेळ आहे? वयात आलेल्या पॉइंटरला दिवसाकाठी एक ते दोन तास मोकळे धावणे लागते, आणि ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, पावसातही. मुधोळचा कुत्रा थोडा वेळ वाऱ्यासारखा धावतो आणि मग स्वस्थ पडून राहतो. पण धावताना त्याला मोठे आणि बंदिस्त मैदान लागते, कारण एकदा काही पळताना दिसले की हाक त्याच्या कानी शिरत नाही. ज्या घरी सकाळी सारी माणसे कामावर जातात आणि संध्याकाळी परततात, त्या घराने या दोहोंपैकी काहीच घेऊ नये. आपल्या गल्लीतले एखादे निरोगी गावठी पिल्लू अशा घराला अधिक सुख देईल.

दुसरी गोष्ट, पिल्लापेक्षा त्याच्या आईबापांकडे अधिक पाहावे. आई माणसाला घाबरून कोपऱ्यात दडत असेल किंवा दात दाखवीत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरावे. पिल्ले विकणारा आई दाखविण्याचे टाळीत असेल तर तेथे थांबूच नये. वेतातील सर्वांत दांडगे पिल्लू, जे इतरांना तुडवून पुढे येते, ते अनुभवी माणसाला ठीक. सर्वांत भित्रे पिल्लू दयेपोटी घेऊ नये. जे पिल्लू टाळी वाजताच दचकते, परंतु क्षणात सावरून टाळी कोठे वाजली हे पाहावयास येते, ते नवशिक्या मालकाने निवडावे. डोळे स्वच्छ, कान निर्गंध, पोट जंतांनी फुगलेले नाही आणि चाल सरळ आहे, एवढे तरी पाहावेच.

आणखी एक मुद्दा वयाचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी मेन राज्यातील बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास मोकळे असते. या काळात ज्याने माणसे, मुले, गाईम्हशी, सायकली, पावसाचा आवाज हे पाहिले-ऐकले, त्याला पुढे त्यांचे भय वाटत नाही. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, आणि घरी आणल्यावर त्याला चार भिंतींत कोंडूही नये. मात्र लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन जग दाखवावे. जेथे अनेक कुत्री येतात-जातात तेथे त्याला जमिनीवर सोडू नये. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पाहता पाहता पिल्लाचा घास घेतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे टोचून घ्यावी. हा रोग एकदा अंगात उमटला की माणूस काय किंवा कुत्रा काय, त्याला जवळजवळ उपाय नाही. म्हणून यात एका दिवसाचीही ढिलाई नको.

आता शिकवण. मी पेशाने शिक्षक, म्हणून या भागात मला विशेष गोडी वाटते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनी दाखवून दिले की ज्या आवाजामागून नेहमी अन्न येते, त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. साऱ्या शिकवणीचे बीज यात आहे. जे केल्याने लगेच गोड फळ मिळते ते कुत्रा पुन्हा करतो. ‘लगेच’ या शब्दावर माझा भर आहे. कुत्रा बसला की एक-दोन क्षणांत शाबासकी आणि खाऊचा तुकडा मिळाला पाहिजे. दहा क्षणांनी दिला तर तो बसल्याबद्दल मिळाला की उठल्याबद्दल, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? शिक्षेचेही तसेच. तासापूर्वी फाडलेल्या चपलेबद्दल मारले तर त्याला एवढेच समजते की आपला धनी केव्हाही चिडतो.

आपल्याकडे एक अडचण खास आहे. आपल्या घरांतून तीन भाषा नांदतात. आजी कोकणीत ‘यो’ म्हणते, वडील मराठीत ‘ये’ म्हणतात, आणि अंगणातली मुले कानडीत ‘बा’ म्हणून हाक मारतात. माणसाला ही समृद्धी आहे. पिल्लाला हा गोंधळ आहे. म्हणून घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे की ‘ये’ला कोणता शब्द, ‘बस’ला कोणता आणि ‘थांब’ला कोणता. भाषा कोणतीही असो, शब्द एकच हवा. दूर रानात हाकेऐवजी शिट्टी बरी. तिचा स्वर रागावत नाही आणि थकत नाही.

पहिला धडा हाकेला येण्याचा. जेवणाची ताटली हाती असताना हाक मारावी, म्हणजे हाक आणि आनंद यांची गाठ पडते. रागे भरण्यासाठी किंवा आवडता खेळ बंद करण्यासाठी कधीही हाक मारू नये. कुत्रा उशिरा आला तरी तो आला, याचे कौतुकच करावे. दुसरा धडा थांबण्याचा. ताटली खाली ठेवावी, ‘थांब’ म्हणावे, आरंभी एक क्षण, मग दोन, मग दहा. पॉइंटरच्या साऱ्या विद्येचा पाया हा थांबण्याचा धडा होय. काठीच्या टोकाला दोरी आणि दोरीला पीस बांधून ते गवतात हलविले की दोन-तीन महिन्यांचे पिल्लूही थबकून पाहू लागते. ही त्याच्या रक्तातली देणगी. पण हा खेळ दोन-चार मिनिटांपुरताच ठेवावा. फार खेळविल्यास पिल्लू नाकाऐवजी डोळ्यांवर विसंबू लागते, आणि हे पॉइंटरला मारक ठरते.

मोकळ्या रानात नेताना पंचवीस-तीस फुटांची हलकी दोरी पट्ट्याला बांधून ती मागे सरपटत ठेवावी. तिच्यामुळे आपली आज्ञा दूरवर पोचते आणि कुत्र्याला वाटते की धन्याचा हात फार लांब आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या, चंडोल, लावा यांचा विणीचा हंगाम असेल तेव्हा ही दोरी सुटताच कामा नये. शिकवणीचा वेळ एका बैठकीस दहा-पंधरा मिनिटांहून अधिक नसावा, आणि धडा नेहमी कुत्र्याला जमलेल्या गोष्टीवर संपवावा. लहान वर्गाला शिकविणाऱ्यांना हे नियम नवे वाटणार नाहीत.

बंदुकीच्या आवाजाला न भिण्याची शिकवण आज कशाला, असे वाटेल. परंतु दिवाळीचे फटाके आणि वळिवाचा गडगडाट चुकत नाहीत. पिल्लू खाण्यात दंग असता दूर कोठेतरी पत्र्याचा डबा वाजवावा. ते दचकले नाही तर काही दिवसांनी आवाज थोडा जवळ आणावा. दचकले तर पुन्हा दूर जावे. घाई केली तर जन्मभराची भीती बसते. तसेच हवामानाचेही. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळीत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो. चैत्र-वैशाखात सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यावरच त्याला धावू द्यावे आणि सोबत पाणी न्यावे. हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा होईतो, त्याला सायकलीमागे पळवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिकार नाही, तर त्या नाकाला काम कोणते? कामे पुष्कळ आहेत. परक्या देशांतूनही पॉइंटरच्या सर्वच कसोट्या बंदुकीच्या नसतात. ब्रिटनमध्ये वसंत ऋतूत होणाऱ्या चाचण्यांत कुत्रा पक्षी शोधून दाखवितो आणि पक्षी उडून जातो. गोळी झाडली जात नाही. स्कॉटलंडच्या माळांवर रानकोंबड्यांच्या जातीचे पक्षी मोजण्यासाठीही असे कुत्रे नेतात. आपल्या देशात ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात वनखात्यासाठी कुत्रे तयार झाले, आणि ते चोरटी शिकार करणाऱ्यांचा माग काढतात. आपल्या बंदीपूरच्या जंगलातील राणा नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याने या कामात नाव मिळविले. ज्या नाकाने एके काळी जनावर मारण्यास साहाय्य केले, तेच नाक आज जनावर राखावयास लागले आहे.

आम्हां कॅथलिकांच्या परंपरेत संत ह्युबर्ट हे शिकाऱ्यांचे संत मानले जातात. आख्यायिका अशी की पाठलाग करता करता त्यांना हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्यांनी शिकार टाकली. मौज अशी की आर्देन प्रांतात त्यांच्या नावाच्या मठात साधूंनी जे कुत्रे जोपासले, त्यांच्याच परंपरेतला म्हणून ओळखला जाणारा ब्लडहाउंड आज हरवलेल्या माणसांचा शोध घेतो. संताने धनुष्य टाकले. कुत्र्याने नाक टाकले नाही, त्याला दुसरे काम मिळाले.

घरच्या कुत्र्याला सैन्यात किंवा वनखात्यात पाठविण्याची गरज नाही. चहापत्तीची लहान पुरचुंडी आधी त्याला हुंगवावी आणि मग अंगणात लपवावी. सापडली की शाबासकी. पुढे ती मैदानात लपवावी. चिमूटभर माती हातातून सोडून वारा कोठून येतो ते पाहावे आणि कुत्र्याला वाऱ्याच्या तोंडावर सोडावे. तो आडवा धावत धावत वासाच्या पट्ट्यात शिरतो, झटकन वळतो आणि नेमका त्या जागी पोचतो; हे पाहण्यात जो आनंद आहे तो पाहिल्यावाचून कळावयाचा नाही. मग घरातल्या मुलाने झाडाआड लपावे आणि कुत्र्याने त्याला शोधावे. अर्धा तास नाकाने काम केलेला कुत्रा घरी येऊन शांतपणे झोपतो. ज्याला आपण खोडकर म्हणतो तो बहुतेक वेळा बेकार असतो, हे कुत्र्यांच्या बाबतीत जितके खरे, तितकेच आमच्या शाळेतल्या मागच्या बाकावरही खरे आहे. मुधोळच्या कुत्र्याला मात्र असे नाकाचे काम थोडे आणि धावण्याचे अधिक द्यावे. कुंपण घातलेल्या मैदानात दोरीने ओढलेल्या चिंधीमागे त्याला धावू द्यावे, म्हणजे त्याची तहान भागते आणि रानातला ससाही सुखरूप राहतो.

सारांश, पिल्लू घेण्याआधी एक महिना स्वतःची परीक्षा घ्यावी. रोज पहाटे साडेपाचला उठून, कुत्र्यावाचूनच, तासभर चालून यावे. केलगेरीच्या तळ्यापर्यंत जावे किंवा उणकलच्या काठाने जावे. तीस दिवसांत किती दिवस चुकले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडावे. चार-पाचांहून अधिक चुकले असतील तर पिल्लू आणू नये. एकही चुकला नसेल तर खुशाल मुधोळची वाट धरावी. घरी येणारा तो जीव दहा-बारा वर्षे आपल्याच भरवशावर राहणार आहे, आणि त्याचा भरवसा खरा करणे हे आपले काम आहे.